पाचव्या माळेचा दिवा

आमच्या गाडीतला तो दिवा आधी माझ्या नजरेस पडला. यांचं लक्ष रस्त्यावर होतं, माझं जपाच्या माळेवर. एक माळ पुरी झाली म्हणून मी डोळे उघडले, तर स्टिअरिंगच्या मागे काहीतरी पिवळं उजळलेलं. झाडांना पाणी घालायच्या झारीसारखं चित्र होतं.

"अहो, हे झारीवाणी काय लागलं?"

यांनी खाली पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. "झारी कायची, इंजिन हाय ते." बोलताना आवाज बारीक झाला होता.

मागच्या सीटवर आडव्या झालेल्या आक्का उठून बसल्या. "का झालं रे निवृत्ती? पोचतो ना आपण?"

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, सोजराबाई. त्यांचे यजमान गेले तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात, सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांच्या किडन्या थकल्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही त्यांना जालन्याला डायलिसिसला नेतो. साडेदहाला त्यांचं मशीन. चार तास अंगातलं रक्त बाहेर येतं, स्वच्छ होतं आणि परत आत जातं. ते चुकलं तर अंगात पाणी साचतं, पायाला बोट लावलं की खड्डा पडतो, आणि छातीत श्वास मावत नाही. आमच्या गावाहून देऊळगाव राजा आणि तिथून जालना, अशा बसगाड्या पुष्कळ आहेत. पण येताना आक्कांना बसवत नाही, आडवंच व्हावं लागतं. म्हणून तर ही जुनी पांढरी पेट्रोल गाडी आमच्या दारात आली.

त्या दिवशी गाडी थांबली ती देऊळगाव राजा मागे टाकल्यावर लागणाऱ्या एका नाल्याच्या पुलाशी. पुलाच्या पलीकडे चढ आहे. अलीकडे लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. वर्षभर आम्ही त्याच्यासमोरून जात होतो, पण हात जोडायच्या पलीकडे कधी काही केलं नव्हतं. आक्का त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "विमल, यानं अडवलं आपल्याले. याच्या हद्दीतून हप्त्याले दोनदा जातो, एक नारळ नाही दिला कधी."

येताना देऊळगाव राजाच्या बालाजीला द्यायला घेतलेला नारळ माझ्या पिशवीत होता. मी उतरले, पदर डोक्यावर घेतला, नारळ फोडला. हे तोवर बोनेट उघडून वाकले होते. हे विजेच्या खात्यात लाइनमन होते, एकतीस वर्षं खांबावर चढले. कुठलीही वस्तू बिघडली की यांचा पहिला हात सप्लायला. मिक्सर असो, मोटर असो, टीव्ही असो, "आधी सप्लाय तोड, मंग जोड, निम्मे फॉल्ट तिथंच जातात." त्या सवयीनं यांनी खिशातला पाना काढला, बॅटरीचं टर्मिनल सोडवलं, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि परत आवळलं.

गाडी चालू केली. दिवा गेलेला.

"गेला!" हे म्हणाले, ते पान्याकडे पाहून.

"गेला गं बाई," आक्का म्हणाल्या, त्या म्हसोबाकडे पाहून.

मी खोबऱ्याचे तुकडे दोघांच्या हातावर ठेवले. मला तर खात्रीच पटली होती की देवानंच केलं.

पुढच्या खेपेला दिवा लागला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला लागला, तिथेच, पुलाच्या चढावर. मग दोन खेपा नाही. मग पुन्हा. असा तो लपाछपी खेळायला लागला. येताना मात्र कधीच लागत नसे. येताना आक्कांना घेरी येते म्हणून हे चाळीसच्या वर जात नाहीत. आक्का म्हणत, "पाह्य, जातानीच अडवते. काम झाल्यावर कायले अडवन तो?" आम्ही दर खेपेला नारळ ठेवू लागलो. दिवा लागो न लागो, पुलाशी थांबायचं. मी नारळ फोडायचा, दिवा लागला असला तर हे पाना चालवायचे. आणि थांबल्यावर दिवा जायचाच. तिथून पुढे मात्र हे धास्तीनं गाडी हळूच नेत.

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी तुळशीला पाणी घालताना डोळे मिटले की तुळस दिसायच्या ऐवजी ती पिवळी झारी दिसायची. मध्येच रस्त्यात गाडी बंद पडली तर काय, हा एकच विचार. आक्कांचा हात मशीनला लागेपर्यंत मी अन्नाचा कण तोंडात घेत नाही. ते माझं मीच ठरवलेलं, कोणाला सांगितलेलं नाही. 

माझ्या आग्रहावरून हे गाडी देऊळगाव राजाला प्रेमानंदकडे घेऊन गेले. प्रेमानंद तिथला गाडीमिस्त्री, तिशीतला, बोलायला फटकळ पण हाताला चांगला. मीही बरोबर होते. त्यानं पाटीएवढं एक मशीन गाडीला जोडलं, त्याच्या पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली.

"काका, कोरं हाय. गाडीत फॉल्ट असता तं इथं नंबर दिसता."

"लागते म्हंतो ना दिवा."

"कवा लागते?"

"म्हसोबाजवळ."

प्रेमानंद हसला नाही, हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, "मंग मी का करू काका? म्हसोबाचा पार्ट माह्या दुकानात भेटत नाही." मग मात्र गंभीर होऊन त्यानं आम्हा दोघांना समजावलं, "एक ध्यानात ठेवा. दिवा नुसता लागून राह्यला तं हळूहळू नेता येते. पण लुकलुक कराले लागला, अन् गाडी गचके माराले लागली, तं एक पाऊल पुढं नेऊ नका. तवा बाजूले घ्या, बंद करा, अन् मले फोन."

घरी येताना हे चिडले होते. "मशीन कोरं म्हंजे गाडी कोरी. उगाच धास्ती घेतं तू." पान्याची गोष्ट यांनी प्रेमानंदला सांगितलीच नाही. लपवायची म्हणून नव्हे. यांच्या लेखी ते काही केल्यात जमाच नव्हतं. आपण डोळे चोळतो ते कोणी डॉक्टरला सांगतं का?

मग तो मंगळवार आला.

दिवा लागला. आम्ही पुलाशी थांबलो. नारळ दगडावर आपटला, एकदा, दोनदा, पाचदा, फुटेना. आक्का गाडीतून म्हणत होत्या, "कोपला गं, कोपला."  तेवढ्यात बोनेटखालून यांचा आवाज, "गेला बे!" टर्मिनलचा नट हातातून निसटून इंजिनाच्या पोटात कुठेतरी पडला होता. हे गाडीखाली आडवे झाले. मी टॉर्च धरली. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेले, शाळेची गाडी गेली, आणि घड्याळ पुढे पुढे. नट सापडून गाडी चालू झाली तेव्हा अर्ध्या तासाच्या वर गेला होता.

डायलिसिसच्या खोलीत समीक्षा म्हणून मुलगी आहे, मशीन तीच लावते. तिनं आम्हाला दारातच थांबवलं. आक्कांच्या पलंगावर दुसरा पेशंट झोपलेला. "आजी, पावणेअकरापर्यंत वाट पाहिली. आता उद्या दुपारचं देते." आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "काकू, पुन्हा उशीर झाला तर ही वेळ वेटिंगवाल्याला जाईल. तसा नियमच आहे. मग तुम्हाला कुठली मिळेल, आठवड्यात एकदा की दोनदा, मलाही सांगता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आक्का खुर्चीत बसून होत्या. आडवं झालं की गुदमरायच्या. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. मी पाय चेपायला घेतले तर म्हणाल्या, "दाबू नको, पाणी वर चढते." आणि थोड्या वेळानं, "विमल, मले भेव वाटून राह्यलं." इतक्या वर्षांत आक्कांच्या तोंडून भीती हा शब्द मी ऐकला नव्हता. त्यांनी तर बिनाचपलेनं कपाशी वेचलेली. दुपारी मशीन लागलं, पण पायांची सूज पुरती उतरली नाही.

म्हणून शुक्रवारसाठी आम्ही वेगळं ठरवलं. आक्कांची लेक योगिनी देऊळगाव राजातच दिली आहे. गुरुवारी संध्याकाळीच तिच्याकडे मुक्कामाला जायचं, म्हणजे सकाळचा वीसेक मिनिटांचा रस्ता आधीच उरकलेला. नारळही बुधवारी बाजारात हलवून, आवाज ऐकून, पाणी भरपूर असलेला निवडला. हे म्हणाले, "दिवा लागायच्या आधीच देऊन टाकू. झंझट नको."

इथं मला माळेचं सांगावं लागेल. माझा रोजचा जपाचा नेम आहे. एकूण किती माळा, ते मी यांनाही सांगितलेलं नाही. नेम दिला तेव्हा आईनं बजावलं होतं, संख्या ओठावर आली की पदरी राहत नाही. जालन्याच्या दिवशी मी माळ गाडीतच करते. रोजची सवय, त्यामुळे एका माळेला पाच मिनिटं, फार तर अर्धं मिनिट इकडे-तिकडे. रस्त्याची मोजणीही माझ्या मनात माळांनीच होई. गावचा फाटा म्हणजे पहिली माळ, देऊळगाव राजाची कमान दिसली की चौथी लागलेली, आणि पाचवी संपता संपता म्हसोबाचा पूल.

शुक्रवारी आम्ही योगिनीच्या घरून सव्वानऊला निघालो. तिनं चहा पुढे केला, मी नको म्हटलं. आक्कांच्या पायात चप्पल जात नव्हती, म्हणून योगिनीनं स्वतःची मोठी स्लीपर घातली त्यांना. पहिली माळ होते न होते तोच पूल आला. आम्ही थांबलो. नारळ पहिल्या फटक्यात फुटला. दिवा लागलेला नव्हता, तेव्हा यांनी बोनेट उघडलंच नाही. तीन मिनिटांत आम्ही पुढे.

"आज खुश झाला," आक्का म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या जरा हसल्या. यांनी गाडीचा वेग वाढवला. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. दुसरी माळ झाली, तिसरी झाली. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आलेला. चौथी झाली. मी मनात बालाजीचे पाय धरले. पाचवीचे शेवटचे मणी चालू होते आणि रस्ता थोडा चढाला लागला.

गाडीनं गचका दिला.

मी डोळे उघडले. पिवळी झारी. पाहतापाहता ती विझली, लागली, विझली, लागली.

"अहो, लुकलुक करते."

 गाडी आणखी दोन गचके खाऊन कडेला लागली. यांनी किल्ली फिरवली आणि सगळं शांत झालं. मागे फक्त आक्कांचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

आक्कांनी खिडकीतून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. शेत, शेताला तारेचं कुंपण, एक कुलूप लावलेलं पत्र्याचं शेड. लिंब नाही, दगड नाही, शेंदूर नाही.

"निवृत्ती," त्या घाबरून म्हणाल्या, "इथं कोणता देव हाय?"

त्या प्रश्नावर मला हसू यायला हवं होतं. पण मी हातातल्या माळेकडे पाहिलं. माझ्या बोटांत मेरुमणी होता, माळ पुरी झाल्याची खूण. पाचवी माळ. पूल मागे राहून वीस मिनिटं झाली होती, नारळ देऊन झाला होता, आणि तरी दिवा पाचव्याच माळेला लागला होता. म्हणजे इतके दिवस तो पुलाशी लागत नव्हता. आम्ही घरून निघालो की पाचव्या माळेला लागत होता, आणि तिथे योगायोगानं पूल होता.

हे बोनेट उघडून पाना काढत होते. मी उतरले.

"थांबा. ते सोडू नका."

"काऊन?" मान वर न करता हे म्हणाले. "दहा मिनिटात जोडतो. पोचवतो मी आक्काले."

"प्रेमानंदचं मशीन कोरं का निघालं, ते माह्या आत्ता ध्यानात आलं. तुम्ही सप्लाय तोडता. त्यात लिहिलेलं सगळं पुसून जात असंन."

हे थांबले. पाना नटावर तसाच. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना विजेच्या कामात कधी शब्द बोलले नव्हते. यांचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग रंग उतरत गेला. मी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बोला काकू," प्रेमानंद म्हणाला. मागे कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजत होता.

"बाबा, दिवा लुकलुक करून राह्यला. गाडी बंद करून उभे हावो. जालन्याच्या अलीकडं, दहा-बारा किलोमीटर."

"म्हसोबा तं मागं राह्यला ना?"

"म्हसोबाचं नाही ते. पाच माळा झाल्या की लागते."

"पाच काय?"

आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी पदर नीट केला आणि म्हणाले, "माळा. जपाच्या. एकीले पाच मिनिटं. घरून निघालो तं पाच माळांनी, आज योगिनीच्या घरून निघालो तरी पाच माळांनी. मधात तीन मिनिट थांबलो होतो. अन् चढावर लागते. येतानी हळू येतो, तवा लागतच नाही."

तिकडे हॉर्न थांबला. प्रेमानंद बहुतेक बाजूला गेला असावा. "काकू, हे तुम्ही त्या दिवशी काऊन नाही सांगतलं? म्हंजे इंजिन पुरं तापलं, अन् वरून लोड आला, की लागते. काका, आयकता का? तुम्ही बॅटरीले हात लावता का?"

हे फोनकडे पाहत राहिले. "टर्मिनल सोडून जोडतो. दर टायमाले."

"अरे बाप्पा! काका, गाडीनं चिठ्ठी लिहून ठेवली माह्यासाठी, अन् तुम्ही ती पुसून गाडी माह्याकडं आणली!"

यांनी बॅटरीकडे पाहिलं. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्यासारखे, "गार असला की मीटर ओके दाखवते. गरम झाला की जाते. असे जॉइंट म्या जिंदगीभर पकडले बे." पाना यांनी खिशात टाकला.

"आता पुढं नेता येते का?" मी विचारलं.

"थंडी झाल्यावर नेऊन पाहाल, पण गॅरंटी नाही. लुकलुक करत नेली तं सायलेन्सर लाल होते, आग लागू शकते. अन् मधातच बंद पडली तं? मी मशीन घेऊन निघतो, पाऊण तास लागन. टर्मिनलले हात नका लावू."

मी घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी. आक्कांनी दार उघडून पाय बाहेर सोडले होते, दोन्ही हात सीटवर टेकवून त्या श्वास ओढत होत्या.

"मी नेतो," हे म्हणाले. "पंधरा मिनिटं थंडी करतो अन् वीसच्या स्पीडनं नेतो. आक्का माही बहीण हाय."

"अन् पुढच्या चढावर थांबली तं?"

 मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मनात नाव चालू होतं, पण मोजायचं सुटलं होतं. बसनं न्यायचं तर बस इथे थांबायला हवी, आणि इथे थांबा नाही. एक जीप भरून गेली. दोन मोटारसायकली गेल्या. मग मागच्या वळणावर लाल बसचं डोकं दिसलं. मी हात वर केला. बस वेग कमी करीना. तेव्हा हे माझ्या पुढे जाऊन सरळ डांबरावर उभे राहिले, दोन्ही हात आडवे करून, तार तुटल्यावर माणसं अडवायला उभे राहायचे तसे.

बस करकचून थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ बाबा, मराले दुसरी गाडी नाही भेटली का?"

"पेशंट हाय दादा. डायलिसिसचा."

तो शब्द ऐकल्यावर कंडक्टर खाली उतरला. यांनी आक्कांना एका बाजूनं धरलं, त्यानं दुसऱ्या बाजूनं. पहिल्या सीटवरच्या दोघी पोरी आपोआप उठल्या. हे खालीच उभे राहिले. "तू जाय," मला म्हणाले. "मी इथंच थांबतो. हात लावत नाही."

बस निघाली. आक्कांचं डोकं माझ्या खांद्यावर. त्यांच्या श्वासाबरोबर माझा खांदा वरखाली होत होता. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "विमल, मंग आपले ते नारळ?"

"त्यानं मागतले नव्हते आक्का. आपणच दिले."

"रागावला तं नसंन?"

"नाही. खोबरं तं आपणच खाल्लं."

त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही.

जालन्यात रिक्षा मिळायला पाच मिनिटं गेली. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना आक्का तीनदा थांबल्या. खोलीच्या दाराशी पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकराला दोन मिनिटं कमी होती. आणि दाराजवळच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून बसले होते. पायांतल्या चपला काढून नीट शेजारी ठेवलेल्या. समीक्षाच्या हातात त्यांची फाइल.

"उकंडराव, चला," ती म्हणाली, आणि मग तिनं आम्हाला पाहिलं.

तिनं घड्याळाकडे पाहिलं.   देवाजवळ मागावं तर काय मागावं? या म्हाताऱ्यांचाही श्वास आक्कांसारखाच वाजत होता. समीक्षा खाली वाकली, आक्कांच्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला.

"काका, पावणेअकरा अजून व्हायचे आहेत," ती उकंडरावांना म्हणाली. "तुम्हाला तीनची शिफ्ट देते. बसाल ना?"

उकंडरावांनी आक्कांच्या पायातल्या त्या मोठ्या स्लीपरकडे पाहिलं. "बसतो की. कुठं जातो?" म्हणाले आणि बाही खाली केली. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

आक्कांच्या हाताला सुई लागली, नळीत लाल धार चढली आणि मशीन फिरू लागलं, तेव्हा अकरा वाजले होते. मी बाहेर येऊन उकंडरावांच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "गाडीनं आल्या का बसनं?"

"बसनं."

"मीबी बसनंच आलो. सकाळी सहाची."

मी पिशवीतून योगिनीनं बांधून दिलेली पोळी-भाजी काढली आणि निम्मी त्यांच्यापुढे धरली. मशीन लागलं होतं, आता मला खायला हरकत नव्हती.  समोरच्या काचेतून फक्त आक्कांचे पाय दिसत होते.

साडेअकराला यांचा फोन आला. पहिला शब्द, "लावलं?"

"लावलं. पुरे चार तास भेटले."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. 

"प्रेमानंद आला," हे म्हणाले. "त्याच्या मशीनवर नंबर दिसला. तीन नंबरचा कॉइल, ठिणगी देते तो, गरम होऊन फेल होते. उद्या बदलतो म्हंते, तवर गाडी टोचन लावून त्याच्या दुकानात."

"म्हंजे दिवा?"

"हाय अजून," हे म्हणाले. "मी हात नाही लावला. लागलेलाच हाय."

"लागू द्या," मी म्हणाले.